हिरो टीव्हीत, आवाज पंख्याजवळून

पत्र

नमस्कार. वाकडला बाराव्या मजल्यावरच्या आमच्या नव्या फ्लॅटचा ताबा नुकताच मिळाला आणि आतलं काम सुरू झालंय. हॉल १८ बाय ११ फूट. लांब भिंतीवर ६५ इंची टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. सोफ्यावर बसलं की एका हाताला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या हाताला उघडं डायनिंग. पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच घ्यायचं ठरलंय. आमच्या डिझायनर म्हणतात, पाचही स्पीकर फॉल्स सीलिंगमध्ये टाकू, एकही डबा दिसणार नाही. माझा दीर न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, सीलिंगमध्ये अजिबात नको, त्याच्याकडे सगळे भिंतीत बसवलेत. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे जमिनीवर स्टँड आणि वायरी मला नकोतच. डबेही नकोत. सासरे ७४ वर्षांचे आहेत. त्यांची कायमची तक्रार, ‘गाणी कानठळ्या बसवतात आणि बोललेलं मात्र कळत नाही.’ जिप्समवाला तीन आठवड्यांनी येतोय. भिंत की छत?

— एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटाकडे, जाता जाता लिहिलंय. सासऱ्यांचं. मी तिथूनच सुरू करतो, कारण भिंत की छत याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

सिनेमाचा ५.१ आवाज म्हणजे सहा वेगवेगळे प्रवाह. पुढे डावा, उजवा आणि मधला, मागे किंवा बाजूला दोन सराउंड, आणि तो ‘.१’ म्हणजे फक्त धडधडीसाठीचा सबवूफर. यातले संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. गाणी, वाद्यं, पाऊस, गर्दी ही बाकीच्यांत वाटली जातात. म्हणजे तुमचे सासरे ज्याची वाट बघत असतात ते सगळं एका स्पीकरच्या जिवावर आहे. तो कुठे बसवायचा हा तुमच्या घरातला पहिला प्रश्न. बाकीचे चार त्याच्यानंतर.

आता डिझायनरबाईंचा बेत गणितात मांडू. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतो. फॉल्स सीलिंग झाल्यावर तुमची छत पावणेनऊ फुटांवर येईल असं धरतो. म्हणजे कानापासून सव्वापाच फूट वर. टीव्हीच्या भिंतीपासून दीड फूट सोडून स्पीकर छतात बसवला, तर तो तुमच्या डोक्यापासून आडवा साडेसात फुटांवर येतो. कोन निघतो ३५ अंश. नट टीव्हीत तुमच्या डोळ्यांसमोर ओठ हलवतोय आणि त्याचा आवाज ३५ अंश वरून, पंख्याच्या दिशेने येतोय.

सवय होते असं लोक सांगतात. थोडी होतेही, कारण डोळा कानाला बराच फसवतो. पण पूर्ण नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये, माझ्याच हातून झालंय. धंद्यात नवा असताना नाशिकच्या एका बंगल्यात मालकाच्या आग्रहाखातर मी पाचही स्पीकर छतात बसवले होते. दिसायला देखणं काम झालं. पहिल्याच संध्याकाळी मालकांच्या आई सिनेमा बघता बघता सारख्या वर बघायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, “वरच्या खोलीत कोण बोलतंय रे?” सगळे हसले, मीही हसलो. पण सहा महिन्यांनी तिथे पुढचे तीन स्पीकर पुन्हा भिंतीवर आणायला मीच गेलो, आणि छतातल्या तीन भोकांवर जिप्समचे तुकडे लावून रंग दिला. ते ठिगळ उन्हाच्या तिरिपेत अजून दिसतं.

असं का होतं? डावं-उजवं ओळखायला आपल्याकडे दोन कान आहेत. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला कणभर उशिरा, आणि मेंदू तो फरक मोजतो. समोरच्या आवाजाच्या बाबतीत आपण एक-दोन अंशांचा फरकही ओळखू शकतो. वर-खाली ओळखायला मात्र दोन कानांतला तो फरक उपयोगी पडत नाही, कारण दोन्ही कान एकाच उंचीवर. तिथे काम करतात बाहेरच्या कानाच्या वळ्या. वरून आलेला आवाज त्या वळ्यांवर आपटून किंचित बदलतो आणि त्या बदलावरून मेंदू उंची ताडतो. हा बदल होतो तो वरच्या पट्टीच्या, बारीक आवाजात. आणि वयाबरोबर माणसाचं ऐकणं आधी कमी होतं ते नेमकं याच पट्टीत. स, श, त, ट, फ ही व्यंजनं याच भागातली. ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरक अर्ध्या श्वासाचा. त्यामुळे सासऱ्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. अशा माणसाला समोरून, सरळ, जवळून येणारा आवाज लागतो. शिवाय ओठ आणि आवाज एकाच दिशेने आले की ओठांवरूनही अर्धं समजतं. अशा घरात मधला स्पीकर छतात टाकू नये. (आणि त्यांची श्रवणचाचणी झाली नसेल तर ती करून घ्या. स्पीकरपेक्षा स्वस्तात होते.)

तेव्हा निकाल आधी सांगून टाकतो. पुढचे तीन भिंतीत. सराउंड दोन छतात. सबवूफर जमिनीवर, टीव्हीच्या भिंतीलगत. दीर निम्मे बरोबर, डिझायनर निम्म्या बरोबर. पण ‘भिंतीत’ या शब्दावर थांबावं लागेल, कारण न्यू जर्सीची भिंत आणि वाकडची भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

तिकडे घरांच्या आतल्या भिंती बहुतेक पोकळ असतात. लाकडाचे उभे पाय, एकमेकांपासून १६ इंचांवर, आणि दोन्ही अंगांना अर्धा इंची जिप्सम बोर्ड. आत साडेतीन इंचांची पोकळी आयती तयार. इन-वॉल स्पीकर नावाची वस्तू या पोकळीसाठीच जन्माला आली. करवतीने आयताकृती भोक पाडा, वायर ओढा, स्पीकर आत सरकवा, चार स्क्रू फिरवा की त्याचे चिमटे मागून बोर्डाला पकडतात. तुमच्या दिराचं काम एका शनिवारी उरकलं असेल.

आपल्याकडे आतली भिंत म्हणजे प्लॅस्टर सोडून साडेचार इंच वीट, किंवा चार-सहा इंचांचा एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची मोठी वीट. स्पीकरला तीन ते चार इंच खोली लागते. साडेचार इंचांच्या भिंतीत चार इंचांचा कोनाडा कोरला की मागे उरतं अर्धा इंच, म्हणजे पलीकडच्या बेडरूमला तुम्ही खिडकीच पाडली. आणि तुमचा टॉवर नवा आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट तपासा. बरेच नवे टॉवर अॅल्युमिनियमच्या साच्यात ओततात. साइटवर त्याला सरसकट ‘माइवान’ म्हणतात. त्यात विटा नसतातच. आतल्या-बाहेरच्या भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावरच असतो. ओळखायची खूण सोपी: साधा खिळा ठोकून बघा. वाकला आणि भिंतीवर नुसता पांढरा ओरखडा उठला, तर ती भिंत काँक्रीटची आहे. तिला स्पीकरसाठी कोरायचं नाही, वायरसाठी झिरीही मारायची नाही. कोणी “थोडंसंच कापतो” म्हणालं तरी नाही. सळई कापली गेली तर ती फक्त तुमच्या घराची राहत नाही, वरच्या-खालच्यांचीही असते.

मग भिंतीत कसं? टीव्हीच्या मागे तुम्ही पॅनेलिंग करणारच असाल. आजकाल कुठल्या हॉलमध्ये नसतं? तेच पॅनेल थोडं जाड करायचं. मूळ भिंतीपासून आत चार इंच मोकळी जागा मिळेल अशी चौकट उभी करा, जीआयची (जस्त चढवलेल्या पत्र्याची) किंवा प्लायची, आणि त्यावर १८ मिलिमीटरचा प्लाय किंवा एमडीएफ ठोका. ही तुमची न्यू जर्सीची भिंत. हॉलच्या ११ फुटांतले पाचेक इंच जातील. ते जाऊ द्या.

या पॅनेलची रुंदी मात्र आजच डिझायनरना सांगा, कारण टीव्हीएवढं पॅनेल केलं की बेत फसतो. सोफा भिंतीला टेकलेला आहे, म्हणजे तुमचं डोकं पॅनेलपासून साधारण नऊ फुटांवर. डॉल्बी कंपनीने सुचवलेल्या मांडणीत पुढचे डावे-उजवे स्पीकर मध्यरेषेपासून २२ ते ३० अंशांवर असावेत असं सांगितलंय. नऊ फुटांवरून २२ अंश म्हणजे मध्यापासून साडेतीन फुटांच्या जरासं पुढे. ६५ इंची टीव्ही स्वतः पावणेपाच फूट रुंद असतो. टीव्हीच्या दोन्ही कडांपासून दीड-दीड फूट सोडून स्पीकरचा मध्य आला की मध्यापासूनचं अंतर चार फुटांच्या आत-बाहेर पडतं आणि कोन २३-२४ अंशांचा मिळतो. छान. म्हणजे पॅनेल किमान साडेनऊ फूट रुंद हवं.

उंची कानाएवढी. स्पीकरमधला छोटा गोल, ट्वीटर, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास यावा. मधला टीव्हीच्या बरोबर खाली. तो दोन फुटांवर गेला तरी नऊ फुटांवरून कोन दहा अंशांच्या आतच राहतो आणि तेवढं डोळा सांभाळून घेतो. ट्वीटर वाकवता येणारा स्पीकर मिळाला तर तो जरा वर, सोफ्याकडे वाकवा. टीव्ही मात्र उगाच उंच टांगू नका. मुलगा हात लावेल म्हणून पाच फुटांवर चढवलेले टीव्ही मी इतके बघितलेत! मुलगा मोठा होतो, टीव्ही तिथेच राहतो आणि घरातल्या सगळ्यांच्या माना अवघडतात.

पॅनेलच्या आतल्या पोकळीत प्रत्येक स्पीकरच्या मागे आडव्या-उभ्या पट्ट्या मारून बंद कप्पा करून घ्या आणि त्यात रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी खनिज लोकर, भरा. नाहीतर सगळं पॅनेल ढोलासारखं वाजतं. खालचा ड्रॉवर, काचेचं शेल्फ, एलईडी पट्टीचं अॅल्युमिनियम हे सगळं एका विशिष्ट सुराला थरथरायला लागतं आणि ते शोधण्यात तुमचे चार रविवार जातील. हल्ली त्या उभ्या खाचांच्या फ्लुटेड पट्ट्या लावायची टूम आहे. लावा, पण स्पीकरवरून नाही. स्पीकरच्या तोंडावर फक्त त्याची स्वतःची जाळी. ती जाळी पॅनेलच्या रंगात रंगवता येते, फक्त फवारणीने आणि हलक्या हाताने. ब्रश फिरवला की भोकं बुजतात.

आता सराउंड, म्हणजे डिझायनरबाईंचा भाग.

सराउंडचा मान बाजूच्या भिंतींचा. ५.१ मध्ये ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या रेषेपासून थोडे मागे, म्हणजे समोरून मोजलं तर ११० ते १२० अंशांवर असावेत, उंचीला कानाएवढे किंवा थोडे वर. तुमच्याकडे बाजूला भिंतच नाही! एकीकडे काच, दुसरीकडे डायनिंगची मोकळी जागा. मागे सोफा भिंतीला टेकलेला, त्यामुळे ‘थोडे मागे’ हा प्रकार उरतच नाही. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक हॉलची हीच गत आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

अशा हॉलमध्ये दोन वाटा. एक, सोफ्यामागच्या भिंतीवर दोन्ही टोकांना, सहा फुटांवर, पुस्तकाएवढे छोटे स्पीकर टांगायचे. मध्यापासून पाच फूट बाजूला ठेवले तर कानाच्या वर साधारण २५ अंश येतात. ऐकायला ही वाट जास्त चांगली आणि खर्चालाही हलकी. मुलाचा हात सहा फुटांवर पोचत नाही. पण वायर छतातून तिथपर्यंत भिंतीवरूनच उतरवावी लागेल, काँक्रीट असेल तर तीन फुटांची पांढरी केसिंग पट्टी दिसणार. आणि तुम्ही स्वच्छ लिहिलंय, डबे नकोत.

तर दुसरी वाट, छत. इथे मी भांडत नाही. सराउंडमधून येतो तो पाऊस, रहदारी, स्टेडियमचा गोंगाट, मागून गेलेली मोटारसायकल. हे थोडं वरून आलं तर बिघडत नाही. पाऊस तर वरूनच येतो. फक्त एक घोडचूक टाळा. इलेक्ट्रिशियन डाउनलाइटच्या ओळीत, सोफ्याच्या बरोबर डोक्यावर दोन स्पीकर बसवून मोकळा होतो, कारण नकाशात ते सरळ दिसतं. मग तो सराउंड राहत नाही, शॉवर होतो. सोफ्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना जितकं लांब जाता येईल तितकं जा. तुमच्या बाल्कनीच्या दारापर्यंत सात फूट असतील असं धरलं, तर पडद्याच्या पेल्मेटसाठी दीड फूट सोडून साडेपाच फुटांवर स्पीकर येतो. डायनिंगच्या बाजूलाही तेवढाच, जागा आहे म्हणून आणखी लांब नको, दोन्हीकडे अंतर सारखं हवं. कोन ४५ अंशांच्या आत-बाहेर पडेल. तडजोडच आहे ती. ती थोडी भरून काढायची असेल तर असे इन-सीलिंग स्पीकर घ्या ज्यांचा आतला गोल तिरका बसवलेला असतो आणि ज्यांचं तोंड सोफ्याकडे वळवता येतं. दुकानात विचारताना ‘तिरकं तोंड’, ‘अँगल्ड’ हे शब्द वापरा. सरळ खाली बघणारे साधे गोल स्पीकर हॉटेलात सनई वाजवायला ठीक असतात.

कोणी तुम्हाला सांगेल, छतात स्पीकर म्हणजे डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत, झालंच की. नाही झालं. अॅटमॉसमध्ये कानाच्या उंचीवरचे पाच स्पीकर असतातच आणि वरचे दोन किंवा चार त्यांच्याशिवाय वेगळे. वर-खाली असा फरक ऐकू यायला खाली काहीतरी असावं लागतं. पाचही वर नेले तर सगळंच वर. तुमच्या बेतात सराउंडच छतात गेल्यामुळे आणखी दोन वर बसवले तरी दोघांत भेद फारसा कळणार नाही. तेव्हा अॅटमॉसचा मोह सध्या सोडा. वायर मात्र त्याचीही टाकून ठेवा. जिप्सम बंद करण्यापूर्वी दोन जादा वायरी टाकणं हे स्वस्त काम, नंतर ते महागच पडतं. उद्या मुलगा मोठा झाला, सोफ्यामागे डबे टांगायला तुमची हरकत उरली नाही, की सराउंड तिथे जातील आणि छतातली जोडी अॅटमॉसच्या वरच्या आवाजासाठी मोकळी होईल.

फॉल्स सीलिंगचं काम करणाऱ्याला चार गोष्टी सांगायच्या आहेत आणि त्या त्याच्या भाषेत सांगायच्या. नेहमीच्या कामात खालची सेक्शनपट्टी दर दीड फुटाला येते आणि तिच्यावर साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड बसतो. साडेसहा इंची स्पीकरला साधारण आठ-नऊ इंचांचं गोल भोक लागतं. नेमका आकडा स्पीकरच्या खोक्यात कागदी साच्यावर असतो, तो साचा आधी हातात द्या. भोक दोन सेक्शनच्या मधोमध यायला हवं. आधी स्पीकरची जागा ठरवा आणि पट्ट्या त्याप्रमाणे सरकवा. उलटं केलंत तर स्पीकर पट्टीच्या मर्जीने बसतो. भोकाच्या वरच्या अंगाला बोर्डावर १२ मिलिमीटरच्या प्लायची चौकट लावा, म्हणजे चिमटे नुसत्या जिप्समला न धरता लाकडाला धरतील. स्पीकर जड असतो, थरथरतो, आणि जिप्सम शेवटी कागद आणि चुना यांचा भाऊ. वर स्लॅबला एक हूक मारून स्पीकरला बारीक स्टीलच्या तारेने अडकवून ठेवा. आणि एसीचा पाण्याचा पाइप स्पीकरच्या वरून जाऊ देऊ नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

वरच्या मजल्यावरचे लोक तुमच्या पत्रात नाहीत. ते ऐकत असतील मात्र. इन-सीलिंग स्पीकरची पाठ बहुधा उघडी असते आणि तो जितका खाली वाजतो तितकाच वर, स्लॅबकडे वाजतो. त्यामागे बंद डबा येत असेल तर तो घ्या. नसेल तर प्लायचा करून आत रॉकवूल घाला. पाली, झुरळं आणि धूळ यांच्यापासूनही तेवढीच राखण होते. धडधड मात्र सबवूफरची असते आणि ती स्लॅबमधून चारी दिशांना जाते. त्याच्याखाली जाड रबराची किंवा फोमची गादी ठेवा. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात, ‘नाइट’ नावाची सोय असते, रात्री दहानंतर ती चालू करा. स्फोट लहान होतात, कुजबुज मोठी होते. सासऱ्यांना ती दिवसाही आवडेल.

वायरीबद्दल दोनच गोष्टी, पण त्यात कंजुषी नको. तांब्याचीच घ्या. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्तात मिळते. ती चाकूने खरवडली की आत पांढरी निघते. जाडी दीड एमएम पुरे. टीव्हीपासून छतात, तिथून सोफ्यापर्यंत धरून दहा मीटर वायर लागेल, जाऊन-येऊन तिचा विरोध जेमतेम पाव ओहम, आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो तीन टक्के. याहून जाड वायर विकणारा तुमच्या कानाचा नव्हे, स्वतःच्या खिशाचा विचार करतोय. सगळ्या वायरी छतात वेगळ्या पाइपमधून न्या. लाइटच्या वायरीपासून फूटभर लांब ठेवा, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यामध्ये एक रुंद पाइप मोकळा ठेवा, ज्यातून एचडीएमआयचं डोकं सहज सरकेल. ती केबल दर काही वर्षांनी बदलावी लागते.

बोर्ड बंद होण्याआधी प्रत्येक वायर तपासायची एक जुनी युक्ती: दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, टीव्हीकडच्या टोकांना क्षणभर टेकवा. दुसऱ्या टोकाला स्पीकर लावलेला असेल तर ‘टप’ आवाज येतो आणि त्याचा पडदा हलतो. सेलचं अधिक टोक लाल वायरला असताना पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर कुठेतरी लाल-काळा उलटा झालाय. मग मोजपट्टी जमिनीवर अंथरून सगळ्या छताचे फोटो काढा. हे फोटो मी लोकांना लग्नाच्या अल्बमएवढे जपायला सांगतो.

पैशांची वाटणी विचारली नाहीत तरी सांगतो. पुढचे तीन एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज मध्येच बदलतो. स्पीकरसाठी ठेवलेल्या रकमेतला मोठा वाटा याच तिघांचा. सराउंड मध्यम चालतील.

आणि तो पैसा खर्च करण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. काँक्रीट, काच आणि व्हिट्रिफाइड टाइल, टाळीमागे एक झणझणीत शेपूट ऐकू येईल. ते शेपूट प्रत्येक शब्दाला चिकटतं. सासऱ्यांना जुन्या घरापेक्षा इथे आणखी कमी कळायला लागेल ते त्यामुळेच. बाल्कनीच्या काचेवर जाड, भरपूर चुण्यांचा कापडी पडदा, सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये मोठा गालिचा, सोफा रेक्झिनऐवजी कापडाचा. सोफ्यामागच्या भिंतीला डोक्याच्या उंचीवर कापडी गादीचं पॅनेल केलंत तर फारच उत्तम, कारण डोकं भिंतीजवळ असल्याने मागून परतणारा आवाज तिथेच पहिला लागतो. डिझायनरबाईंना हे काम आवडेल, छतातले तीन स्पीकर गमावल्याचं दुःखही जरा हलकं होईल.

सगळं बसल्यावर रिसीव्हरसोबत आलेला छोटा माइक सोफ्यावर, सासरे बसतात त्या जागी कानाच्या उंचीवर ठेवून आपोआप मोजणी करून घ्या. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन फक्त मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवा. पंखा चालू असताना बघता ना सिनेमा? मग पंखा चालू ठेवून वाढवा.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल तर तीन आठवडे हातात आहेत. मोबाइलला जोडायचा लहान स्पीकर घेऊन सासऱ्यांना साइटवर न्या. सोफ्याच्या जागी खुर्ची टाका, त्यांना तिथे बसवा, मोबाइलवर एखादी बातमी किंवा मुलाखत लावून तो मोबाइल टीव्हीच्या जागी उभा धरा. आधी स्पीकर मोबाइलच्या शेजारी ठेवून दोन मिनिटं ऐकवा. मग शिडीवर चढून तोच स्पीकर, आवाज न वाढवता, छताला लावून धरा आणि तोंड खाली करा. त्यांना काही समजावून सांगू नका, नुसतं विचारा, कधी जास्त कळलं. डिझायनरबाईंनाही बोलवा त्या दिवशी. शिडी धरायला कोणीतरी लागेलच.